खिशातलं यंत्र (भाग ९) : ३६ दिवस आधी

२०२२ साली दसरा ५ ऑक्टोबरला होता. दीक्षाभूमीवर आलेल्या लोकांपैकी कित्येकजण परतीच्या गाडीची वाट बघत नागपूर स्टेशनवर बसलेले असतानाच दुसऱ्या दिवशी बातमी आली की एअरटेलने देशातल्या आठ शहरांत ५जी सुरू केलं. दिल्ली, मुंबई, चेन्नई, बंगळुरू, हैदराबाद, वाराणसी, सिलिगुडी आणि आपलं नागपूर. पहिल्या यादीत पुणं नव्हतं, नागपूर होतं. आपल्या शहराला अशी पहिल्या पंगतीची जागा सहसा मिळत नाही, त्यामुळे त्या दिवशी झालेला आनंद मला अजून आठवतो.

सिम बदलायची गरज नव्हती. जुनंच ४जीचं सिम चालणार होतं, फक्त फोन ५जीचा हवा. माझ्या भाच्याकडे आयफोन १३ होता, म्हणजे अट पूर्ण होत होती. तरी दिवाळी आली आणि गेली, त्याच्या फोनवर ४जीच दिसत राहिलं. बर्डीवरच्या दुकानदाराला विचारून झालं, सिम काढून पुसून घालून झालं. "मामा, फोन ५जीचा, टॉवर ५जीचा, अन् हे ४जीच दाखवून राहिलं," असं तो रोज सांगायचा.

अडलं होतं सॉफ्टवेअरमध्ये. फोनमधला मोडेम, म्हणजे टॉवरशी बोलणारा भाग, ५जीसाठी तयार असला तरी कोणत्या देशात, कोणत्या कंपनीच्या जाळ्यावर, कोणत्या लहरींवर त्याने बोलायचं हे फोनमधलं सॉफ्टवेअर ठरवतं. प्रत्येक मोबाइल कंपनीसाठी त्यात एक वेगळी नोंद असते. फोन बनवणारी कंपनी त्या जाळ्यावर फोन चालवून बघते, समाधान झालं की मगच ती नोंद उघडते. भारतातल्या आयफोनसाठी ती बंद होती. अनेक अँड्रॉइड फोनही तेव्हा अशाच अपडेटची वाट बघत होते. अ‍ॅपलने सांगितलं की सगळ्यांसाठीचं अपडेट डिसेंबरमध्ये येईल. आणि मग ७ नोव्हेंबरला मधला एक दरवाजा उघडला: आयओएस १६.२ ची बीटा, म्हणजे चाचणी आवृत्ती जो टाकेल, त्याला एअरटेल आणि जिओवर ५जी आजच मिळेल. आयफोन १२ आणि त्यापुढचे फोन, शिवाय तिसऱ्या पिढीचा एसई.

त्या संध्याकाळी भाच्याचा फोन आला. "आमच्या ग्रुपमधले सगळे टाकून राहिले. मी पण टाकू का?"

मागच्या आठवड्यात आपण अपडेट म्हणजे काय ते पाहिलं. आजचा प्रश्न त्याच्या एक पायरी आधीचा आहे.

मोठं सॉफ्टवेअर टप्प्याटप्प्याने बाहेर पडतं. आधी ते कंपनीच्या भिंतींच्या आत वापरलं जातं. मग अ‍ॅप बनवणाऱ्यांना एक कच्ची आवृत्ती मिळते, जेणेकरून त्यांना आपली अ‍ॅप्स नव्या यंत्रणेवर बसवून बघता यावीत. त्यानंतर सार्वजनिक बीटा, जी हौशी माणसालाही नोंदणी करून टाकता येते. शेवटी पक्की आवृत्ती. अ‍ॅपलने आयफोनची बीटा सामान्य लोकांना २०१५ पासून खुली केली, गुगलने अँड्रॉइडसाठी अशी सोय २०१६ मध्ये केली. कंपन्या ती फुकट देतात याचं कारण सरळ आहे. हजारो प्रकारची अ‍ॅप्स, सिम, ब्लूटूथची यंत्रं, वापरायच्या सवयी प्रयोगशाळेत उभ्या करता येत नाहीत. त्या आपल्या खिशात असतात. बीटा टाकणारा माणूस चाचणीचं काम करतो आणि त्याचा फोन हे चाचणीचं साधन होतं.

आपल्याकडे मेट्रोची चाचणी फेरी बरेच दिवस चालली. सुरक्षा आयुक्तांचा दाखला मिळाल्यावरच त्या गाडीत तिकीट काढून माणसं बसली. फोनच्या बीटाला असा कोणताही आयुक्त नसतो. चाचणी फेरीतच आपण सामानसुमानासह चढतो. म्हणून चढताना काय घेऊन चढतो आहोत, ते आधी बघावं लागतं.

माझ्या मते खरा मुद्दा इथे आहे: आता आपले पैसेही फोनमध्येच असतात. १४ एप्रिल २०१७ ला, बाबासाहेबांच्या जयंतीला, भीम-आधार या पैसे देण्याच्या सोयीचं उद्घाटन पंतप्रधानांनी नागपुरातच केलं होतं. आज तर्री-पोह्याच्या ठेल्यावरही क्यूआर कोड लावलेला असतो आणि खिशात पन्नास रुपये नसले तरी कुणाचं अडत नाही. पण यूपीआयचं अ‍ॅप सुरू करताना ते आपल्याच फोनवरून एक एसएमएस पाठवतं आणि नंबर, सिम व तो विशिष्ट फोन यांची गाठ बांधून ठेवतं. बीटा बिघडली आणि फोन कोरा करावा लागला, तर ती गाठ सुटते. पुन्हा नोंदणी करावी लागते आणि सुरुवातीला काही काळ पाठवायच्या रकमेवर मर्यादाही येते. शिवाय बँकांची अ‍ॅप्स फोनची यंत्रणा ओळखीची आहे का, हे तपासतात. अनोळखी आवृत्ती दिसली की काही अ‍ॅप्स उघडतच नाहीत. यात बँकेची चूक नाही, तिने सावध राहायलाच हवं. पण दवाखान्याच्या काउंटरवर उभ्या असलेल्या माणसाला त्याचा उपयोग नसतो.

दुसरी गोष्ट परतीच्या वाटेची. बीटा टाकणं दहा मिनिटांचं काम आहे, परत येणं नाही. आयफोनवर जुन्या आवृत्तीकडे यायचं तर फोन संगणकाला जोडून पूर्ण पुसावा लागतो, आणि नव्या आवृत्तीवर घेतलेला बॅकअप जुन्या आवृत्तीवर चढत नाही. बीटा टाकण्याआधी घेतलेलाच बॅकअप कामाचा. तोही संगणकावर घेऊन अर्काईव्ह केलेला असावा, नाहीतर पुढचा बॅकअप त्याच्यावर चढतो आणि जुना जातो. पिक्सेल फोनवर चालू बीटामधून मध्येच बाहेर पडलात की फोनमधलं सगळं पुसलं जातं. पक्की आवृत्ती येईपर्यंत थांबलात आणि पुढची बीटा घेतली नाहीत, तर मात्र न पुसता बाहेर पडता येतं. लोक बीटा टाकताना हे वाचत नाहीत. घरातल्या बाळाचे फोटो गेल्यावर वाचतात.

नागपूरकरांनी आणखी एका गोष्टीचा विचार करावा, जो बंगळुरूच्या किंवा कॅलिफोर्नियाच्या माणसाला करावा लागत नाही. नव्या बीटांचा गाजावाजा कधी होतो? गुगलचं वार्षिक संमेलन मे महिन्यात भरतं, अ‍ॅपलचं जूनच्या सुरुवातीला. म्हणजे आपला नवतपा आणि मृगाच्या आधीची तलखी. अ‍ॅपल आपल्या फोनसाठी भोवतालचं तापमान ० ते ३५ अंश सांगतं. मे महिन्यात नागपुरात ३५ अंश सकाळीच ओलांडले जातात. कच्च्या बीटामध्ये दोष शोधण्यासाठी नोंदी करणारी जास्तीची कामं चालू असतात, वेग आणि बॅटरी यांवरून शेवटचा हात फिरवलेला नसतो, नवी यंत्रणा बसल्यावर फोन पहिले काही दिवस फोटो आणि फाइली नव्याने चाळत बसतो. फोन तापतो, बॅटरी उतरते. ४५ अंशांच्या दुपारी डिलिव्हरी करणाऱ्या मुलाने असा फोन दुचाकीच्या हँडलवर लावू नये, हे मी अगदी आग्रहाने सांगेन.

पण सगळ्या बीटा सारख्या नसतात, आणि इथे भाच्याची बाजू मांडायला हवी. आयओएस १६ ची पहिली कच्ची आवृत्ती ६ जून २०२२ ला आली, ती अख्खी यंत्रणा बदलणारी होती. नोव्हेंबरची १६.२ ही स्थिरावलेल्या यंत्रणेतली छोटी सुधारणा होती. धोका खूप कमी होता आणि बदल्यात मिळणारी गोष्ट ठोस होती. ज्याच्याकडे दुसरा फोन आहे, बॅकअप आहे, आणि काही बिघडलं तर कंपनीला कळवण्याची तयारी आहे, त्याने ती टाकली तर मी चूक म्हणणार नाही. कुणीतरी टाकल्याशिवाय दोष सापडणारही नाहीत. तेव्हा जाळंसुद्धा कच्चंच होतं. जिओने तर दसऱ्याला चार शहरांत निमंत्रणावर सुरू केलेल्या आपल्या सेवेला बीटा ट्रायल असंच नाव दिलं होतं. कच्च्या जाळ्यावर कच्चं सॉफ्टवेअर चालवलं आणि कॉल तुटला, तर दोष कुणाचा हे कळणंही अवघड.

पक्की आवृत्ती म्हणजे बिनधोक, असंही समजू नका. सप्टेंबर २०१४ मध्ये आयओएस ८.०.१ हे पक्कं अपडेट आलं आणि कित्येक आयफोन ६ चं नेटवर्कच गेलं. अ‍ॅपलला ते तासाभरात मागे घ्यावं लागलं. पक्क्या अपडेटलाही चार दिवस थांबणारा माणूस शहाणा. मग कच्च्याची घाई कशाला?

भाच्याला मी दोनच प्रश्न विचारले. हा फोन चोवीस तास बंद पडला तर तुझं काय काय अडेल? तो म्हणाला, ऑफिसचं लॉगिन, पैसे, आईच्या औषधांची ऑर्डर, सगळंच. दुसरा फोन आहे? नाही. मग थांब, म्हणालो. तो नाराज झाला, पण थांबला.

७ नोव्हेंबर ते १३ डिसेंबर, ३६ दिवस. तेवढ्या काळात नागपुरात मेट्रोच्या पहिल्या टप्प्याचं आणि समृद्धी महामार्गाच्या शिर्डीपर्यंतच्या भागाचं लोकार्पण झालं. अधिवेशनासाठी विधानभवनाची रंगरंगोटी चालू होती. १३ तारखेला रात्री उशिरा आयओएस १६.२ सगळ्यांसाठी आलं. १४ च्या सकाळी भाच्याने मला स्क्रीनचा फोटो पाठवला. वरच्या कोपऱ्यात ५जी होतं.