घरबसल्या नाणी, पण रुपये कुठून?

“मोबाइलवर लिहा, डिजिटल नाणी मिळवा, ती ठेवून द्या, घरबसल्या पैसा येत राहील,” असा निरोप आपल्या त्र्यंबकेश्वरच्या पाड्यावर आला, तर आपण आधी एवढंच विचारूया: हा पैसा येतो कुठून?

बचत गटात याचं उत्तर सोपं आहे. एक सखी कर्ज घेते, नागलीचे पापड विकते, व्याज भरते. ते व्याज आपल्याच गटात राहतं.

आता २०१६ साली सुरू झालेलं ‘स्टीमिट’ पाहू. तिथं लेखाला वाचकांची मतं मिळाली की ‘स्टीम’ नावाची नवी नाणी तयार होऊन लिहिणाऱ्याला मिळतात. नाणी साठवून ठेवली तरी थोडी भर पडते. पण त्यांचे रुपये व्हायला कुणीतरी ती विकत घ्यावी लागतात. २०१८च्या सुरुवातीला एक नाणं ८ डॉलरच्या आसपास होतं. वर्षअखेरीस अर्ध्या डॉलरच्याही खाली आलं. नाणी तेवढीच, मोल गेलं.

‘गेनबिटकॉइन’ योजनेत तर दरमहा १० टक्के परतावा १८ महिने देऊ, असं सांगितलं गेलं. २०१८ मध्ये पुणे पोलिसांनी तिच्या प्रमुखाला अटक केली.

शिवाय अशा नाण्यांच्या नफ्यावर ३० टक्के कर आहे, आणि बँकेतल्या ठेवीसारखं विम्याचं संरक्षण नाही.

म्हणून लिहायची हौस असेल तर जरूर लिहूया. गटाची बचत मात्र त्यात घालायची नाही. फसवणूक झालीच, तर लगेच १९३० वर फोन करायचा.