मोनोग्रामचा लाल नेमका कोणता?

पुण्याहून सोलापूरच्या दिशेने निघालं की उरुळी कांचन मागे पडतं आणि यवतच्या अलीकडे कासुर्डी लागतं. टोलनाक्यामुळे या गावाचं नाव वाहनचालकांच्या तोंडी बसलं. त्याच्या कितीतरी आधी या रस्त्याने जाणाऱ्या मोटारींत फिॲट आणि ॲम्बॅसडर यांचाच भरणा असे. त्यांतली एखादी दौंड-शिरूर पट्ट्यात अजूनही पत्र्याच्या शेडमध्ये उभी असते आणि घरातल्या कुणाच्या तरी मनात येतं, आजोबांची गाडी पुन्हा रस्त्यावर आणायची. इंजिन सुरू होतं, डेंटिंग होतं, लांबी भरून रंगाचे हात बसतात. मग पाळी येते नाकावरच्या दोन बोटांच्या मोनोग्रामची. त्याच्यातला लाल उडालेला असतो, निळा हिरवट झालेला असतो आणि मूळ रंग कोणता होता यावर घरातल्या दोघांचं एकमत होत नाही.

अशा वेळी बहुतेक जण पुण्याच्या नाना पेठेतून नवा मोनोग्राम आणतात किंवा दिसेल त्या लाल रंगाने जुना भरून टाकतात. घाई इथेच नडते. गाडीचं साल, कारखाना आणि मॉडेल सांगणारी जी थोडी चिन्हं बाहेरून दिसतात, त्यांत मोनोग्राम सगळ्यांत पुढे असतो. तो चुकला तर जाणकाराची नजर आधी तिथेच अडते.

आपल्याकडच्या फिॲटचंच बघा. वालचंद हिराचंद यांची प्रीमियर ऑटोमोबाइल्स १९४४ साली स्थापन झाली. कुर्ल्याच्या कारखान्यात आधी क्रायस्लरच्या डॉज आणि प्लायमाउथ गाड्या जुळवल्या जात, नंतर फिॲट आल्या. १९६४ पासून ‘फिॲट ११०० डिलाइट’ आणि १९७४ पासून ‘प्रीमियर पद्मिनी’. अंगलोट जवळपास तीच राहिली, नावं आणि चिन्हं मात्र बदलत गेली. तिकडे खुद्द इटलीतल्या फिॲटचं चिन्हही स्थिर नव्हतं. १९३० च्या दशकातली ढाल लाल होती, तर १९६८ साली निळ्या रंगावरचे चार तिरके चौकोन आले. त्यामुळे ‘फिॲटचा मोनोग्राम’ एवढंच सांगून दुकानात गेलं की गाडीच्या सालाशी न जुळणारी वस्तू हातात पडण्याची शक्यता बरीच असते.

रोल्स-रॉइसची गोष्ट तर याहून बोलकी आहे. तिच्या चिन्हातली दोन इंग्रजी अक्षरं सुरुवातीला लाल होती, १९३३ च्या सुमारास ती काळी झाली. त्याच वर्षी हेन्री रॉइस वारले, म्हणून हा बदल दुखवट्याचा असल्याची कथा रूढ झाली. प्रत्यक्षात निर्णय त्यांच्या हयातीतच झाला होता. गिऱ्हाइकांनी निवडलेल्या रंगांशी लाल अक्षरं भांडतात, हे त्यामागचं कारण सांगितलं जातं. तेव्हा १९२८ च्या गाडीवर काळी अक्षरं रंगवणं ही चूकच, मग रंग कितीही सुबक लागलेला असो.

साल पक्कं झालं की दुसरा प्रश्न येतो: हा मोनोग्राम कशाचा आहे? जुन्या चिन्हांचे ढोबळ तीन प्रकार सापडतात. पहिल्यात मिनाकाम असतं. तांब्या-पितळेच्या खोबणीत काचेची रंगीत पूड भरून साधारण ८०० अंश सेल्सिअसला ती भाजतात. कोबाल्टपासून निळा, तांब्यापासून हिरवा, असे हे रंग धातूंच्या संयुगांतून येतात. म्हणून उन्हाने ते जवळजवळ उडत नाहीत, पण ठोकर बसली की टवका निघतो. दुसऱ्या प्रकारात क्रोम चढवलेल्या धातूच्या खोलगट भागात साधा रंग भरलेला असतो. हा उन्हात फिका पडतो, त्यातही लाल सर्वांत लवकर. तिसरा प्रकार १९५० च्या दशकातल्या अमेरिकन गाड्यांवर खूप दिसतो. त्यात पारदर्शक प्लास्टिकच्या मागच्या बाजूने रंग दिलेला असतो आणि समोरून पाहताना तो आत खोल असल्यासारखा दिसतो.

तिन्हींना एकच डबी चालत नाही. पारदर्शक लाल रंगाखाली रुपेरी थर असेल तर तो माणकासारखा चमकतो. तोच लाल पांढऱ्या प्रायमरवर दिला तर गुलाबीकडे झुकतो. मिनाकामाचा टवका पुन्हा भट्टीत घालून भरावा असं वाटतं, पण त्या उष्णतेत मागच्या खिळ्यांचं डाखकाम वितळतं आणि क्रोमही बिघडतो. म्हणून तिथे बहुधा रंगवलेल्या इपॉक्सीने थंड भरणी करतात.

मूळ रंग शोधायचा तर आधी मोनोग्राम उतरवून स्वच्छ करावा लागतो. दौंड भागात बोअरचं पाणी बहुधा क्षारयुक्त असतं आणि वर्षानुवर्षांच्या धुण्याने त्याचा पांढरा थर खाचांत बसतो. मऊ ब्रश, सौम्य साबण आणि कमी क्षाराचं पाणी एवढ्यावर धीराने काम करावं. थिनर मात्र लावू नये. जुन्या काळचा ड्युको हा नायट्रोसेल्युलोजचा लॅकर. १९२४ च्या सुमारास अमेरिकेत ओकलंड मोटारींवर तो पहिल्यांदा मोठ्या प्रमाणात वापरला गेला आणि पुढे जगभर पसरला. वाळून कित्येक दशकं झाली तरी तो थिनरमध्ये विरघळतो. शोधायचा पुरावा एका बोळ्यासरशी पुसला जातो. प्लास्टिकच्या चिन्हाचं तर थिनरने तोंडच पांढरं पडतं.

स्वच्छ झाल्यावर भिंगातून पाहायचं ते कडांकडे. चौकटीच्या पट्टीखाली, अक्षराच्या बुडाशी, नटाखाली झाकलेल्या भागात ऊन पोचलेलं नसतं. अर्धा मिलिमीटरचा तेवढा तुकडा मिळाला तरी तो आठवणीपेक्षा आणि फोटोपेक्षा विश्वासाचा. आणखी एक फसगत इथे कळते. रंगावरचा पारदर्शक थर वयाने पिवळा पडतो. त्यामुळे निळा हिरवट दिसतो आणि पांढरा सायीसारखा. त्या हिरवटाला मूळ रंग समजून तसाच डबा बनवला, तर कारखान्यातून कधीच न निघालेला मोनोग्राम तयार होतो. बॉनेटवरचं आणि डिकीवरचं चिन्ह शेजारी ठेवून पाहणंही उपयोगी पडतं, कारण शेडमध्ये गाडी ज्या तोंडाने उभी होती त्यावर कोणतं जास्त उडालं हे ठरतं.

मग रंग जुळवणं. दुकानातलं मशीन गाडीच्या पत्र्याचा रंग छान मोजतं, पण त्याच्या भिंगाचं तोंड काही मिलिमीटरचं असतं. त्याखाली सपाट आणि एकसंध जागा लागते. दोन मिलिमीटरच्या खाचेत, तेही चकचकीत क्रोमच्या शेजारी, ते क्रोमचंही प्रतिबिंब मोजून बसतं. म्हणून इथे शेवटचा निवाडा डोळ्यांचा, आणि डोळ्यांना योग्य उजेड हवा. ट्यूबलाइटखाली तंतोतंत जुळलेले दोन लाल रंग उन्हात वेगळे पडतात, कारण दोघांतली रंगद्रव्यं वेगळी असतात आणि प्रत्येक उजेडात त्यांचं वागणं बदलतं. रंगतज्ज्ञ दिवसाच्या उजेडासाठी ६५०० केल्विन हे प्रमाण धरतात. कासुर्डीत त्यासाठी वेगळा दिवा घ्यायची गरज नाही. सकाळी दहाच्या सुमारास शेडच्या उत्तरेकडच्या सावलीत उभं राहिलं, वर मोकळं आकाश असलं, की त्याच्या जवळचा उजेड मिळतो. माथ्यावरच्या उन्हात आणि लाल मातीच्या परावर्तनात निर्णय घेऊ नये.

मिसळताना फिक्याकडून गडदाकडे जावं. लाल गडद करायला काळा टाकला तर तो मळतो. टाचणीच्या टोकाएवढा तपकिरी किंवा हिरवा टाकला तर खोली येते. नमुना कागदावर नाही, तर मोनोग्रामच्याच धातूसारख्या पट्टीवर, त्याच जाडीत लावावा. ओला रंग खोटं बोलतो, म्हणून रात्रभर वाळू द्यावा आणि दुसऱ्या सकाळी त्याच सावलीत मूळ तुकड्याशेजारी धरावा. रंग भरायला सुई किंवा बारीक सिरिंज बरी. कडेवर सांडलेला रंग लगेच पुसायचा तो सपाट लाकडी पट्टीला घट्ट गुंडाळलेल्या फडक्याने, म्हणजे उंच रेघा साफ होतात आणि खाचेतला रंग जागेवर राहतो.

तरीही प्रत्येक मोनोग्राम रंगवायलाच हवा असं नाही. मिनाकाम शाबूत असेल, रंग थोडाच फिका असेल तर तो तसाच ठेवणं जास्त प्रामाणिक. जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या, फिवाच्या, ट्युरिन सनदेचाही कल मूळ ते जपण्याकडेच आहे. कोल्हापुरात शाही दसऱ्याला छत्रपती घराण्याची मेबॅक निघते, तेव्हा लोक तिच्याकडे ज्या कौतुकाने पाहतात ते ती खरी जुनी आहे म्हणून. एकमेकांत गुंतलेल्या दोन अक्षरांचं तिचं चिन्ह उद्या चकचकीत नकलेने बदललं, तर त्या खरेपणाला धक्का लागेल.

कायद्यालाही याचं भान आहे. केंद्र सरकारच्या जुलै २०२१ च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं उलटलेली, मूळ रूपात राखलेली दुचाकी किंवा चारचाकी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, आणि क्रमांकात राज्याच्या अक्षरांपुढे ‘व्हीए’ ही अक्षरं. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेली गाडी त्यात बसत नाही. मोनोग्रामच्या रंगावरून कुणी अर्ज फेटाळणार नाही, पण गाडीचं मूळ रूप दाखवायची वेळ आली की तिच्यावर जपलेली प्रत्येक जुनी खूण मालकाच्या बाजूने बोलते.

म्हणून काम उरकल्यावर दोन गोष्टी कराव्यात. आधीचे आणि नंतरचे फोटो त्याच सावलीतून काढून ठेवावेत. आणि उरलेला रंग लहान बाटलीत घट्ट बंद करून तिच्यावर कोणता रंग किती थेंब मिसळला, खालचा थर कोणता होता आणि तारीख काय, हे लिहून ती आरसी बुकाच्या फाइलीशेजारी ठेवावी. दहा-पंधरा वर्षांनी पुन्हा टवका निघेल, तेव्हा पुढच्या माणसाला शून्यापासून सुरुवात करावी लागणार नाही.