यीस्टच्या पेशीतून बाहेरची वाट

पंडरी म्हटलं की रायपूरकराला आधी कापडबाजार आठवतो. लग्नसराईत तिथल्या दुकानांपुढून धड चालताही येत नाही. याच पंडरीत रायपूरचं जिल्हा रुग्णालय आहे. अशा कुठल्याही सरकारी रुग्णालयात २ ते ८ अंश सेल्सिअसला जपून ठेवलेल्या औषधांमध्ये दोन कुप्या हमखास सापडतात. एक हिपॅटायटिस-बीच्या लशीची. बाळ जन्मलं की २४ तासांच्या आत तिची पहिली मात्रा द्यायची असते. दुसरी इन्सुलिनची. लशीतलं प्रथिन यीस्टच्या पेशीत घडलेलं असतं आणि इन्सुलिनही पुष्कळदा तिथलंच असतं. मात्र लशीचं प्रथिन मिळवायला यीस्टची पेशी फोडावी लागते, आणि इन्सुलिनचं कच्चं रूप ती पेशी आपण होऊन बाहेर टाकते.

मला या फरकाचं फार अप्रूप वाटतं. पेशीच्या भोवतीचं पटल मेदाच्या दुहेरी थराचं असतं आणि प्रथिनाचा अवाढव्य रेणू त्यातून झिरपू शकत नाही. तरीही आपल्या लाळेतली विकरं, रक्तातली प्रतिपिंडं, आईच्या दुधातली प्रथिनं ही सगळी पेशीत तयार होऊन पेशीबाहेर आलेली असतात. ती येतात कशी, याचा उलगडा मुख्यतः पाव फुगवणाऱ्या यीस्टमुळे झाला. त्यातही धडधाकट यीस्टपेक्षा जास्त शिकवलं ते ही वाट तुंबलेल्या यीस्टने.

वाट अस्तित्वात आहे हे आधी दाखवलं जॉर्ज पॅलाडी यांनी. स्वादुपिंडाच्या पेशींना त्यांनी किरणोत्सारी अमिनो आम्ल थोडा वेळ दिलं आणि नंतर इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली त्याचा माग काढला. नवं प्रथिन प्रथम आंतर्द्रव्यजालिकेत दिसलं, मग गॉल्जी पिंडात, मग पटलाच्या छोट्या पिशव्यांत, म्हणजे पुटिकांत, आणि शेवटी पेशीबाहेर. या कामासाठी त्यांना १९७४ चं नोबेल मिळालं. टप्पे कळले, पण ते पार करवणारे रेणू कोणते, याचा काहीच पत्ता नव्हता.

रँडी शेकमन यांनी १९७६ मध्ये बर्कलीला स्वतःची प्रयोगशाळा सुरू केली तेव्हा त्यांनी यीस्ट निवडलं. यीस्टवर तोवर या विषयाचं काम जवळपास झालेलंच नव्हतं. त्यांचं शिक्षण झालं होतं आर्थर कोर्नबर्ग यांच्याकडे, जीवाणूंच्या डीएनएवर. तिथली एक युक्ती त्यांनी सोबत आणली. एखादं जनुक असं बिघडलेलं शोधायचं की पेशी २५ अंशांना नीट जगेल, पण ३७ अंशांना नेली की त्या जनुकाचं प्रथिन निकामी होईल. स्राव बंद पडलेली पेशी मरणारच. पण ती कमी तापमानाला जगवता आली, तर तिचा अभ्यास करता येतो.

त्यांचे विद्यार्थी पीटर नोव्हिक यांना असं पहिलं यीस्ट सापडलं. १९७९ मध्ये त्यावरचा निबंध प्रसिद्ध झाला आणि जनुकाचं नाव ठेवलं गेलं 'सेक-१'. निरोगी यीस्ट साखर फोडणारं इन्व्हर्टेज हे विकर पटलापलीकडे, पेशीभित्तीच्या आतल्या जागेत सोडतं. सेक-१ बिघडलेल्या पेशी ३७ अंशांना नेल्यावर विकर तयार होत राहिलं, पण बाहेर जाईना. अशा पेशीचा पातळ काप इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला तर आत पुटिकांची दाटी झालेली दिसते. विकराने भरलेल्या पुटिका पटलापर्यंत आलेल्या, पण त्याच्याशी जुळू न शकलेल्या. तापमान पुन्हा २५ अंशांवर आणलं की त्या रित्या होऊ लागतात आणि अडकलेलं विकर बाहेर येतं. पॅलाडी यांच्या चित्रातला शेवटचा टप्पा एका जनुकाने थांबवता आणि पुन्हा सुरू करता येतो, हे कळणं फार मोठी गोष्ट होती.

पण अशी यीस्टं एकेक करून शोधायला जन्म गेला असता. इथे नोव्हिक यांना एक जुनं निरीक्षण उपयोगी पडलं. सुझन हेन्री यांनी दाखवलं होतं की यीस्टच्या पटलाची वाढ थांबली आणि आतली घडण चालूच राहिली, तर पेशी जड होते. स्राव तुंबल्यावर हेच व्हायला हवं, कारण पेशीच्या पृष्ठभागाला नवं पटल मिळतं ते याच पुटिकांमधून. म्हणून उत्परिवर्तित यीस्टचा लोंढा ३७ अंशांवर ठेवून घनतेनुसार थर करणाऱ्या द्रवात सेंट्रिफ्यूजने फिरवला. जड पेशी तळाशी गेल्या, आणि हव्या त्या पेशी त्यांच्यातच होत्या. १९८० मध्ये एकदम २३ जनुकांची यादी हाती आली. आजही हा निबंध वाचताना मला त्या साधेपणाचं नवल वाटतं.

पुढच्या वर्षी क्रम लागला. दोन जनुकं बिघडलेली यीस्टं तयार केली. ज्या पेशीत दोन्ही अडथळे आहेत, तिच्यात प्रथिन अलीकडच्या अडथळ्याशीच थांबणार. एकात जालिका फुगलेली, दुसऱ्यात पुटिका साठलेल्या, अशी चिन्हं ओळखून कोणतं जनुक आधीचं आणि कोणतं नंतरचं हे ठरत गेलं.

आज ही वाट बरीच तपशीलवार माहीत आहे. प्रथिनाची साखळी रायबोसोमवर बनू लागते तेव्हा तिच्या टोकाला काही अमिनो आम्लांचा एक तुकडा असतो. पंडरीच्या ठोक बाजारातल्या गाठीवर बिल्टी असावी तसा. माल कुठे जायचा ते त्यावरून ठरतं. गुंटर ब्लोबेल यांनी ही संकेताची कल्पना मांडली आणि त्यांना १९९९ चं नोबेल मिळालं. संकेत असलेली साखळी जालिकेच्या पटलातल्या सेक-६१ नावाच्या छिद्रातून आत ओढली जाते, तिथे तिच्या घड्या पडतात, गंधकाचे बंध जुळतात, साखरेचे रेणू चिकटतात. घडी चुकली तर प्रथिन पुढे जात नाही आणि अखेर नष्ट केलं जातं. नीट घडलेली प्रथिनं सेक-१३, सेक-२३, सेक-२४ आणि सेक-३१ या प्रथिनांनी मढवलेल्या, साधारण ६० ते ७० नॅनोमीटर व्यासाच्या पुटिकांत भरली जातात. या आवरणाचं रहस्य १९९४ मध्ये उलगडलं. गंमत अशी की सस्तन प्राण्यांच्या पेशींवर काम करणाऱ्या जेम्स रॉथमन यांना पुटिका जुळण्यासाठी लागणारं एक प्रथिन सापडलं, ते नेमकं यीस्टच्या सेक-१८ चं भाऊबंद निघालं. दोन अगदी वेगळ्या दिशांनी निघालेली माणसं एकाच रेणूपाशी पोचली. शेकमन, रॉथमन आणि टोमास सुडॉफ यांना २०१३ चं नोबेल विभागून मिळालं.

गॉल्जी पिंडाबद्दल मात्र वाद बराच काळ चालला. त्याच्या चपट्या पिशव्या जागच्या जागी राहतात आणि माल एकीतून दुसरीत जातो, की पिशवीच पिकत पिकत सुरुवातीच्या रूपातून शेवटच्या रूपात बदलते? इतर पेशींत पिशव्या एकमेकींवर रचलेल्या असल्याने हे बघणं अवघड. पाव फुगवणाऱ्या यीस्टमध्ये त्या सुट्या सुट्या विखुरलेल्या असतात. २००६ मध्ये शिकागोच्या बेंजामिन ग्लिक यांच्या आणि जपानच्या अकिहिको नाकानो यांच्या गटांनी सुरुवातीच्या गॉल्जीतल्या प्रथिनाला एक रंग, शेवटच्या गॉल्जीतल्या प्रथिनाला दुसरा रंग लावला आणि जिवंत पेशीत पाहिलं. एकच पिशवी काही मिनिटांत रंग बदलते. पिकण्याची बाजू खरी ठरली.

या गोष्टीचा पुढचा भाग नवी मुंबईत घडला. खारघरला टाटा मेमोरियल सेंटरचं 'ॲक्ट्रेक' हे कर्करोग संशोधन केंद्र आहे. तिथे दिव्येंदु भट्टाचार्य आणि त्यांचे विद्यार्थी यीस्टच्या गॉल्जीवर काम करत होते. 'आर्फ-१' हे जनुक काढून टाकलेल्या यीस्टमध्ये गॉल्जीच्या पिशव्या कमी होतात पण मोठ्या होतात, हे माहीत होतं. का होतात, हे खारघर आणि शिकागो यांच्या संयुक्त कामातून २०१४ मध्ये समजलं. सुरुवातीच्या पिशव्या सावकाश आणि कमी वेळा पिकतात, शेवटच्यांचा वेग मात्र तोच राहतो. त्यामुळे शेवटच्या टप्प्यातल्या पिशव्यांची संख्या घटते आणि प्रत्येकीचा आकार वाढतो. म्हणजे कप्प्याचा आकार किती आणि कप्पे किती, हे दोन्ही बदलाच्या वेगावरून ठरू शकतं. एखाद्या कप्प्याच्या आकाराचं कारण आकडेमोडीने असं चोख जुळावं, ही जीवशास्त्रात रोज मिळणारी गोष्ट नव्हे.

आता त्या दोन कुप्यांकडे. कावीळ करणाऱ्या विषाणूच्या पृष्ठभागावरच्या प्रथिनाचं फक्त एक जनुक यीस्टमध्ये घालतात. पूर्ण विषाणू तिथे कधीच नसतो. त्याआधी, १९८१ पासून, ही लस विषाणूवाहक माणसांच्या रक्तद्रवापासून काढली जात होती. १९८६ मध्ये अमेरिकेत यीस्टमधली लस मंजूर झाली आणि ते परावलंबन संपत गेलं. हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने १९९७ मध्ये 'पिकिया' या यीस्टवर 'शानव्हॅक-बी' आणली; पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची लस 'हॅन्सेन्युला' या यीस्टमधून येते. पण या विषाणूचं प्रथिन माणसाच्या यकृतपेशीतून सहज बाहेर पडतं, तसं ते यीस्टमधून पडत नाही. म्हणून यीस्ट वाढवायचं, पेशी फोडायच्या आणि त्या गाळातून हवं ते प्रथिन शुद्ध करायचं. २०२२ मध्ये मंजूर झालेल्या सीरमच्या 'सर्व्हाव्हॅक' या गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरच्या लशीतही हीच तऱ्हा.

इन्सुलिनचं तसं नाही. यीस्टच्या एका लिंगाच्या पेशी दुसऱ्या लिंगाला बोलावण्यासाठी १३ अमिनो आम्लांचा 'अल्फा फॅक्टर' बाहेर सोडतात. त्याच्या आधीचा तुकडा इन्सुलिनच्या कच्च्या साखळीपुढे जोडला की पेशी तिलाही त्याच वाटेला लावते. ५१ अमिनो आम्लांच्या या रेणूत गंधकाचे तीन बंध लागतात आणि ते जालिकेतच नीट जुळतात. गॉल्जीच्या शेवटच्या टप्प्यात 'केक्स-२' हे विकर जोडतुकडा कापतं आणि साखळी बाहेरच्या द्रवात येते. गाळातून वेचण्यापेक्षा द्रवातून शुद्ध करणं किती सोपं! वोक्हार्टने २००३ मध्ये 'वोसुलिन' आणलं, हॅन्सेन्युलावरचं, छत्रपती संभाजीनगरच्या (तेव्हाच्या औरंगाबादच्या) आपल्या बायोटेक प्रकल्पातलं. मला सर्वांत भावतं ते हे की केक्स-२ च्या शोधानंतरच माणसातली त्याची भाऊबंद विकरं हाती लागली, आणि त्यांतलीच काही आपल्या स्वादुपिंडात प्रोइन्सुलिन कापतात.

आजारांशीही ही नाती निघाली. सेक-१ चा माणसातला नातलग मेंदूच्या चेतापेशींच्या टोकाशी असतो आणि तिथल्या पुटिकांना पटलाशी जुळायला मदत करतो. त्याच्या जनुकातल्या बिघाडाने तान्ह्या बाळांना गंभीर अपस्मार होतो, हे २००८ मध्ये कळलं. सेक-२३ चं माणसातलं एक रूप बिघडलं की लाल पेशी नीट तयार होत नाहीत आणि एका प्रकारचा जन्मजात रक्तक्षय होतो, हे २००९ चं. बर्कलीत १९७९-८० मध्ये वाट तुंबलेली यीस्टं शोधताना या बाळांचा विचार कुणाच्याही डोक्यात नव्हता.

काही प्रथिनं मात्र या सगळ्या व्यवस्थेला बगल देतात. यीस्ट उपाशी पडलं की 'ॲसीबी-१' नावाचं प्रथिन बाहेर टाकतं, आणि त्याच्यावर संकेताचा तुकडाच नसतो. ते जालिकेत शिरत नाही, तरी पेशीबाहेर येतं. २०१० मध्ये रवि मंजिथाया आणि सुरेश सुब्रमणि यांनी पिकियावर दाखवलं की, पेशी स्वतःचेच भाग गुंडाळून पचवायला नेते ती यंत्रणा यासाठी लागते. मंजिथाया आता बंगळुरूच्या जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्रात याच यंत्रणेवर काम करतात. माणसाच्या शरीरात दाह वाढवणारं 'इंटरल्यूकिन-१ बीटा' हेही असंच, संकेत नसलेलं. ते पेशीबाहेर कोणकोणत्या रस्त्यांनी पडतं, यावर अजून शोध चालू आहे.