हाड मोडले नाही, मग दुखते काय?



वसंत व्याख्यानमालेत साहित्यिक येतात, प्राध्यापक येतात. त्या व्यासपीठावर एका हमालाने, तेही मुरगळलेल्या पायावर बोलावे, याचे आपणांस नवल वाटले असेल. मी डॉक्टर नाही. तरुणपणी पोती वाहिली, पुढे हमालांची संघटना बांधण्यात आयुष्य गेले. वाचन केले ते रात्री आणि गरजेपुरते. या विषयाचे वाचन मात्र मी माझ्या उजव्या घोट्यापायी केले.

पंचवीस-तीस वर्षांपूर्वीची गोष्ट. आपल्याच वाशीम भागातल्या एका बाजारात दिवाळीच्या सुमारास सोयाबीनची आवक भरात होती. क्विंटलभराचे पोते पाठीवर घेऊन मी फळीवरून ट्रकात चढत होतो. फळी हलली, पाऊल आत वळले आणि घोट्यात कटकन आवाज झाला. संध्याकाळपर्यंत घोटा टम्म फुगला, दुसऱ्या दिवशी काळानिळा पडला. एक्स-रे काढला, हाड शाबूत होते. ती फिल्म पाहून ज्यांचा माल होता ते म्हणाले, "हाड तर मोडले नाही, मग दुखते काय?" मला उत्तर देता आले नाही. चौथ्या दिवशी मी पुन्हा फळीवर चढलो. ते राहिलेले उत्तर आज देतो.

आपण सर्वांनी बैलबंडी पाहिली आहे. तिचे जू दोराने आवळलेले असते. जू आणि दांडी दोन्ही मजबूत असोत. दोर उसवला की बंडी चालत नाही. आपल्या सांध्याचेही तसेच आहे. एका हाडाला दुसऱ्या हाडाशी बांधून ठेवणारे जे चिवट पट्टे, ते अस्थिबंध; डॉक्टर त्यांना लिगामेंट म्हणतात. स्नायूला हाडाशी जोडते ती कंडरा निराळी. पाठीत उसण भरते तेव्हा बहुधा स्नायू ताणलेला असतो. घोटा मुरगळतो तेव्हा अस्थिबंध. घोट्याच्या बाहेरच्या अंगाला असे तीन पट्टे आहेत. पाऊल आत वळले की त्यांपैकी पुढचा पट्टा बहुधा आधी जातो. आणि एक्स-रेत लाकूड दिसते, दोर दिसत नाही. फिल्म स्वच्छ आहे याचा अर्थ हाड मोडलेले नाही इतकाच. इजा नाही असा नव्हे.

या इजेच्या तीन पायऱ्या मानतात. पहिलीत पट्टा नुसता ताणतो; माणूस दुखत-दुखत चालतो आणि एक ते तीन आठवड्यांत सावरतो. दुसरीत त्याचे काही धागे तुटतात, सूज आणि काळेनिळेपणा येतो. तीन ते सहा आठवडे लागतात. तिसरीत पट्टा पुरता तुटतो आणि सांधा डळमळतो. तिथे महिने जातात. अस्थिबंधाला रक्ताचा पुरवठा बेताचा, म्हणून तो सावकाश भरतो. सूज उतरली की आपण समजतो पाय बरा झाला. पण आतला सांधा अजून कच्चाच असतो.

आता उपचार. पाय मुरगळला की आपल्याकडे पहिले काम म्हणजे कोणीतरी तो खसाखसा चोळतो, दुसरा ओढून "बसवतो". उसण भरली तर पायाळू माणसाची लाथ खायला पाठवतात! आंबेहळदीच्या लेपाशी माझे भांडण नाही. पण पहिले दोन-तीन दिवस चोळणे, शेकणे आणि दारू हे तिन्ही वर्ज्य करावे. त्यांनी सूज वाढते. पायावर भार देऊ नये, रुंद पट्टी बेताने आवळावी, बोटे बधिर वा निळी पडली तर ती सैल करावी, निजताना पाय उशीवर उंच ठेवावा. फडक्यात गुंडाळलेला बर्फ पंधरा-वीस मिनिटे लावल्यास वेदना कमी होते. त्याचा गुण तेवढाच.

डॉक्टरकडे केव्हा धावावे? १९९२ साली कॅनडातील ऑटावा येथील डॉक्टरांनी यासाठी सोपे नियम बांधले. दुखापत झाल्यावर चार पावलेही टाकता येत नसतील, किंवा घोट्याच्या दोन्ही उंचवट्यांच्या मागच्या कडेवर अथवा पावलाच्या मधल्या हाडांवर बोट दाबले असता कळ येत असेल, तर एक्स-रे काढावा. गुडघ्याची गोष्ट अधिक नाजूक. कबड्डीत पाय रोवून अंग वळवले, गुडघा पिळवटला, काही तासांत सुजला आणि पुढे चालताना दगा देऊ लागला, तर घरगुती उपाय करीत बसू नये. हाडांच्या डॉक्टरला दाखवावे.

विश्रांती म्हणजे महिनाभर खाटेवर पडणेही नव्हे. वेदना सोसवू लागली की पाय हळूहळू हलवावा; अंगठ्याने हवेत बाराखडी गिरवावी. अस्थिबंधात बारीक मज्जातंतू असतात. पाऊल कुठे, कसे पडले याची खबर ते मेंदूला देतात. इजेनंतर ही खबर मंद होते, म्हणून एकदा मुरगळलेला पाय पुन:पुन्हा मुरगळतो. भार सोसवू लागल्यावर भिंतीजवळ एका पायावर उभे राहण्याचा रोज सराव केला, तर ही जाण पुष्कळशी परत येते. मला हे कोणी सांगितले नाही. माझ्या घोट्याने पुढे तीनदा दगा दिला, आणि आजही नांगरलेल्या रानात मी काठीवाचून उतरत नाही.

मित्रहो, हे सारे ज्ञान सोपे आहे; अवघड आहे ती विश्रांती. हातावर पोट असणाऱ्याला डॉक्टर "तीन आठवडे आराम" लिहून देतो, तेव्हा तो औषध लिहीत नाही, मजुरी कापीत असतो. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्यात तीन दिवसांपेक्षा अधिक काळ काम बुडाले तरच भरपाईचा हक्क होता. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ती अट राहिली. मी चौथ्या दिवशी फळीवर चढलो, तो दिवस आपण ध्यानात घ्यावा. शिवाय हमालाचा मालक कोण, हा वाद पूर्वापार चालत आला; त्यातूनच १९६९ चा माथाडी कायदा झाला. म्हणून मी प्रत्येक हमालाला सांगतो: पाय मुरगळला की त्याच दिवशी डॉक्टरकडून तारखेसह लिहून घे. जे एक्स-रेत दिसत नाही, ते निदान कागदावर दिसू दे.

ओझ्याचाही विचार व्हावा. १९६७ साली आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने प्रौढ पुरुषाने हाताने वाहायच्या ओझ्याची मर्यादा ५५ किलो असावी अशी शिफारस केली. आमच्या पिढीने त्याच्या जवळजवळ दुप्पट पाठीवर वाहिले.

गेल्या हंगामात आमच्या टोळीतल्या एका पोराचा घोटा असाच गेला. टोळीने ठरवले की तो बरा होईपर्यंत त्याचा अर्धा वाटा रोज काढायचा. पाचव्या आठवड्यात तो भिंतीचा आधार न घेता एका पायावर उभा राहिला, आणि मगच फळीवर चढला. हाड मोडले नाही म्हणून त्याला कोणी प्रश्न विचारला नाही.

आपल्या दारात उद्या एखादा हमाल, मोलकरीण वा बांधकामावरची बाई लंगडत आली, तर "मोडले का?" एवढेच विचारू नका. तिला खुर्ची द्या, आणि त्या दिवसाची मजुरीही द्या.