सहा अँपिअरचं गणित

१,३७२ भागिले २३०. उत्तर जवळपास ६. नाशिकच्या पंचवटीत, हिरावाडीतल्या एका मित्राचं बिटकॉइन मायनिंगचं मशीन सारखं बंद पडत होतं. त्याचं निम्मं निदान या भागाकारातच झालं, मल्टिमीटर पिशवीतून नंतर निघाला.

मशीन जुनं, अँटमायनर एस९, १४ टेराहॅश वेगाचं. भिंतीतून ते १,३७२ वॅट ओढतं, म्हणजे आपल्या २३० व्होल्टला ६ अँपिअर. मित्राने ते लावलं होतं ६ अँपिअरच्या छोट्या सॉकेटला. ‘मिक्सर चालतो की तिथे!’ मिक्सर चालतो पाच मिनिटं, हे चालतं चोवीस तास. प्लग उपटला तर एका पिनेभोवतीचं प्लास्टिक तपकिरी होऊन फुगलेलं. अशा मशीनला १६ अँपिअरचं सॉकेट आणि स्वतंत्र वायर लागते. नंतर आलेल्या एस१९ प्रोची गोष्टच वेगळी: ३,२५० वॅट, १४ अँपिअर, तेही २०० व्होल्टच्या खाली चालत नाही.

‘पॉवर सप्लाय उडाला’ हे मी सहजी मानत नाही. व्होल्टेज पडलं की साधा पिवळा बल्ब मंद होतो आणि वीजही कमी घेतो. हा सप्लाय मात्र आपले वॅट सोडत नाही. २३० चे १९० झाले तर करंट ६ वरून ७.२ वर जातो. सैल जोडातली उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, म्हणजे ४४ टक्के जास्त. उन्हाळ्यात रात्री गल्लीतले एसी-कूलर एकदम लागतात आणि मशीन नेमकं तेव्हाच मान टाकतं, ते यामुळे. म्हणून सॉकेटचं व्होल्टेज दुपारी, मशीन बंद असताना मोजून उपयोग नाही. रात्री, लोडवर मोजायचं.

खरी गंमत १२ व्होल्टच्या बाजूला आहे. सप्लायची कार्यक्षमता ९३ टक्के धरली तर पुढे जातात १,२७६ वॅट. भागिले १२, म्हणजे १०६ अँपिअर. वेल्डिंगवाला एवढ्यावर लोखंड जोडतो! हा करंट चिपा बसवलेल्या तीन हॅशबोर्डांच्या नऊ कनेक्टरांतून वाटला जातो, प्रत्येकी सुमारे १२ अँपिअर, १४२ वॅट. (दहावा कनेक्टर कंट्रोल बोर्डाचा.) कॉम्प्युटरच्या ग्राफिक्स कार्डाला असाच सहा पिनांचा कनेक्टर असतो, तिथे त्याची मर्यादा ७५ वॅट ठरलेली. आता एका बोर्डाच्या तीन कनेक्टरांपैकी एक नीट बसला नाही, तर उरलेल्या दोघांवर प्रत्येकी १८ अँपिअर येतात. आधी ते तापतात, मग पिना काळ्या पडतात, मग बोर्ड गायब.

एस९च्या एका बोर्डावर ६३ चिपा. स्टेटसच्या पानावर एका बोर्डासमोर शून्य दिसलं, तर त्याचे तिन्ही कनेक्टर शेजारच्या बोर्डाशी अदलाबदल करून बघावेत, अर्थात वीज पूर्ण बंद करून. दोष कनेक्टरांबरोबर सरकला तर केबल किंवा सप्लाय. जागचा हलला नाही तर बोर्ड. एकाच बोर्डाला दोन सप्लायचे कनेक्टर मात्र कधीही लावू नयेत. आणि सप्लायचा डबा उघडायचा नाही; आतल्या कपॅसिटरवर चारशेच्या आसपास व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही ते लगेच उतरत नाहीत.

मशीनच्या पत्र्याला हात लागला की मित्राला झिणझिण्या येत. सप्लायमधल्या फिल्टरची वाट अर्थिंगकडे जाते. जुन्या वायरिंगमध्ये अर्थिंग नसलं की पत्रा निम्म्या व्होल्टेजवर, ११५च्या आसपास, तरंगतो. करंट अगदी किरकोळ, पण सप्लायमध्ये कधी खरा बिघाड झालाच तर तोच पत्रा जीव घेईल. सॉकेट बदललं त्याच दिवशी अर्थिंगही करून घेतलं.

मशीन सुरू झालं, तिन्ही बोर्डांवर ६३-६३. मग मी कागद पुढे ओढला. महिन्याला ९८८ युनिट. दहा रुपयांनी धरले तरी ९,८८० रुपये. एप्रिल २०२४ पासून एका ब्लॉकला ३.१२५ बिटकॉइन मिळतात, दिवसाला सुमारे ४५०. जगभरची क्षमता एक झेटाहॅश, म्हणजे शंभर कोटी टेराहॅश, धरली तर त्यात आपले १४. एक बिटकॉइन ८० लाखांना धरला, तर महिन्याची कमाई दीड हजार. बिटकॉइनच्या व्यवहारातल्या नफ्यावर २०२२ पासून ३० टक्के कर, आणि विजेचा खर्च त्यातून वजा होत नाही.

मित्राने कागद उलटसुलट करून पाहिला. म्हणाला, ‘नाशिकच्या थंडीत खोली तरी गरम होईल ना?’

होईल. १,३७२ वॅटची सगळी उष्णताच होते.