खेळत्या मुलाचे छायाचित्र

आपल्याकडील घराघरांतल्या जुन्या आल्बमांत मूल बहुधा खुर्चीला धरून उभे असते. डोक्यावर जरीची टोपी आणि डोळ्यांत भीती. त्यात छायाचित्रकाराचा दोष थोडाच होता. स्टुडिओच्या मंद प्रकाशात काचेवर प्रतिमा उमटण्यास वेळ लागे, आणि तोवर मुलाला खांबासारखे उभे करणे भागच होते. आज निमिषार्धात चित्र टिपणारे यंत्र प्रत्येकाच्या खिशात आहे. तरीही आपण तोच हुकूम सोडतो : ‘हलू नकोस, इकडे बघ, हास!’ मूल हसते. पण खेळणारे मूल तेवढ्यात नाहीसे झालेले असते.

फ्रान्समधील जाक-आंरी लार्तिग याची चित्रे या दृष्टीने पाहण्याजोगी आहेत. १८९४ साली एका सधन घरात जन्मलेल्या या मुलाच्या हाती वडिलांनी सातव्या-आठव्या वर्षीच कॅमेरा दिला. १९०५ साली त्याने आपल्या खेळण्यातल्या मोटारी खोलीत जमिनीवर मांडल्या आणि कॅमेराही जमिनीवरच ठेवला. त्यामुळे त्या मोटारी मुलाला भासतात तेवढ्या मोठ्या दिसतात. त्याच वर्षीच्या दुसऱ्या चित्रात नात्यातली बहीण बिशोनाद पायघोळ वस्त्रांनिशी पायऱ्यांवरून झेपावली आहे. पाय अद्याप जमिनीला टेकलेले नाहीत. ही उडी कदाचित त्याच्या सांगण्यावरूनच मारलेली असेल. परंतु ‘उडी मार’ आणि ‘हलू नकोस’ यांत जमीनअस्मानाचे अंतर आहे! झडपेचा वेग विकत मिळतो. लार्तिग मात्र त्या खेळातलाच एक गडी होता. १९६३ साली न्यूयॉर्कच्या आधुनिक कलासंग्रहालयाने त्याची चित्रे मांडली, तेव्हा तो एकोणसत्तर वर्षांचा होता. तोवर लोक त्याला चित्रकार म्हणूनच ओळखीत.

मोठ्या माणसाला गडी होता येत नसेल, तर निदान जमिनीवर बसावे. उभ्याने घेतलेल्या चित्रात मुलाचे डोके मोठे नि पाय आखूड दिसतात. खोलीतल्या अपुऱ्या उजेडात मोबाइलचा कॅमेराही रेंगाळतो. अंगणात ऊन असले, की धावत्या पायांना सेकंदाचा पाचशेवा भाग बहुधा पुरतो. लगोरी रंगात आली असता हाक मारू नये. प्रथम मुले कॅमेऱ्याकडे पाहतात, वाकुल्या दाखवितात, मग विसरून जातात. तोवर बसून राहणे, हेच या कामातले खरे कष्ट. एखाद्याचा हात पुसट उमटला, म्हणून ते चित्र टाकून देऊ नये. चेंडू त्याच हाताने फेकलेला असतो.