नौकेवरील इंधनप्रवाहमापक : विसर्ग, परतावा आणि खप

गोदावरीच्या काठी वसलेल्या पुणतांब्यास चांगदेवांच्या समाधीच्या दर्शनासाठी पावसाळ्यात जो जाईल, त्याच्या कानांवर एक शब्द वारंवार पडेल. तो शब्द म्हणजे ‘विसर्ग’. व्याकरणाच्या अभ्यासकास तो दोन बिंदूंनी दाखविला जाणारा वर्ण म्हणून परिचित असतो. नदीकाठच्या माणसाला मात्र त्या शब्दाने नांदूर मधमेश्वरच्या बंधाऱ्यातून खाली येणाऱ्या पाण्याचे मान कळते. हे मान ‘क्युसेक’मध्ये सांगतात. क्युसेक म्हणजे दर सेकंदास एक घनफूट, अर्थात सुमारे २८.३ लिटर. ‘इतके क्युसेक पाणी सोडले’ असे आपण बोलून जातो. परंतु क्युसेक हा पाण्याचा साठा नव्हे, तो दर होय. किती पाणी गेले हे सांगावयाचे तर ते किती वेळ सोडले हेही सांगावे लागते. तिसरी गोष्ट कालव्याखालच्या शेतकऱ्यास न शिकविता कळते. चारीने शेतात आलेले पाणी आणि पिकाने प्यालेले पाणी ही एकच नव्हेत. बांधावरून ओढ्यास जे गेले ते वजा केल्यावाचून पिकाचा वाटा कळत नाही.

दर, एकूण राशी आणि निव्वळ खप हा भेद पाण्याच्या बाबतीत आपण सहज पाळतो. इंधनाच्या बाबतीत मात्र तो पुष्कळदा सुटतो, आणि त्याचे एक कारण भाषेत आहे. ‘इंधनप्रवाहमापक’ ही संज्ञा शास्त्रदृष्ट्या निर्दोष आहे, कारण हे यंत्र प्रवाहच मोजते. पण ते घेणाऱ्यास खप हवा असतो आणि नाव वाचून तो यंत्राच्या आकड्यालाच खप समजतो. नदीकाठी पाणी उपसणाऱ्या डिझेल इंजिनाकडे पाहिले तरी हा घोटाळा उलगडतो. त्याच्या नोझलपासून एक बारीक नळी मागे जाते आणि न जळलेले डिझेल परत नेते. कोकणच्या किनाऱ्यावर, हर्णै, मिरकरवाडा किंवा मुंबईच्या ससून डॉकला लागणाऱ्या यांत्रिक नौकांच्या इंजिनांत हेच तत्त्व मोठ्या प्रमाणावर असते. डिझेल हा तेथील फेरीच्या खर्चाचा फार मोठा भाग असल्याने मापनातील चूक थेट तांडेलाच्या हिशेबात उतरते.

साध्या पेट्रोल इंजिनात इंधन टाकीतून एकाच नळीने जाते आणि सर्वच्या सर्व जळते. तेथे एक मापक पुरतो. डिझेल इंजिनाचा पंप मात्र गरजेपेक्षा पुष्कळ अधिक इंधन पुढे ढकलतो व उरलेले टाकीत परत येते. अशा इंजिनाच्या जाणाऱ्या नळीवर एकच मापक बसविला, तर तो जळलेल्या इंधनाच्या कित्येक पट आकडा दाखवील आणि दोष नसताना इंजिनावर दोष येईल. म्हणून डिझेलसाठी दोन मापक लागतात, एक जाणाऱ्या नळीवर व दुसरा परतणाऱ्या नळीवर. दोहोंची वजाबाकी हा खप.

ही वजाबाकी दिसते तितकी निरुपद्रवी नाही. सुमारे ७५ किलोवॅट, म्हणजे शंभर अश्वशक्तीचे डिझेल इंजिन पूर्ण भारावर ताशी अदमासे २० लिटर इंधन जाळते. समजा, त्यास ताशी १०० लिटर पुरविले जातात व ८० परत येतात. प्रत्येक मापकात शेकडा एकच चूक आहे असे धरले, तरी एकाची चूक १ लिटर व दुसऱ्याची ०.८ लिटर. त्या विरुद्ध दिशांना पडल्या तर एकूण १.८ लिटर, म्हणजे खपाच्या शेकडा ९! यात उष्णतेची भर पडते. परतणारे डिझेल इंजिनातून तापून येते, आणि तापमान १ अंश सेल्सियसने वाढले की डिझेलचे आकारमान शेकडा सुमारे ०.०८ वाढते. २५ अंशांच्या फरकाने ८० लिटरांचे ८१.६ होतात, आणि तेवढ्यानेच खप शेकडा ८ ने कमी दिसतो. तात्पर्य, डिझेलसाठी एकमेकांशी जुळवून दिलेली व तापमानाची दुरुस्ती करणारी जोडीच घ्यावी. दोन निरनिराळे मापक आणून वजाबाकी करू नये.

मापकांच्या मुख्य जाती दोन. पहिलीत इंधनाच्या ओघाने एक लहान पंखा फिरतो व त्याच्या फेऱ्यांवरून विजेचे स्पंद मोजले जातात. ही जात स्वस्त असते व ओघास फारशी अडवत नाही, परंतु मंद प्रवाहात तिचा भरवसा कमी. दुसरीत अंडाकृती दातेरी चाकांची जोडी प्रत्येक फेरीत ठराविक माप पुढे सरकविते. ती मंद ओघातही अचूक असते. मात्र कचऱ्याने अडते. वस्तुमान मोजणारे मापकही असतात. त्यांस तापमानाची अडचण बाधत नाही, पण ते महाग असल्याने मोठ्या जहाजांवरच शोभतात. निवड करताना इंजिनाची अश्वशक्ती पाहून थांबू नये. पुरवठ्याच्या नळीतून प्रत्यक्ष किती इंधन वाहते, हे इंजिनाच्या पुस्तिकेवरून पाहावे. मंद गतीपासून पूर्ण गतीपर्यंतचा सारा ओघ मापकाच्या मर्यादेत बसला पाहिजे. मापक फार लहान असेल तर त्याच्या अडथळ्याने पंपास ओढ पडते आणि, यंत्रकारांच्या शब्दांत सांगावयाचे तर, इंजिन ‘एअर घेते’.

जोडणीचे काम नौका किनाऱ्यावर ओढलेल्या असतात त्या पावसाळी दिवसांत करणे इष्ट. प्रथम बॅटरी तोडावी, इंजिनघर हवेशीर करावे आणि विस्तव व विडी दूर ठेवावी. पेट्रोल असल्यास धोका अधिक, म्हणून मापक त्या इंधनासाठीच बनविलेला आहे याची खात्री करावी. पुरवठ्याचा मापक गाळणीच्या व पाणी वेगळे करणाऱ्या फिल्टरच्या पुढे असावा. अंगावरील बाण प्रवाहाच्या दिशेस असावा व बैठक पुस्तिकेत सांगितली तशीच असावी. परतीचा मापक नेहमी इंधनाने भरलेला राहील अशा जागी असावा, कारण हवेचे बुडबुडेही पंखा फिरवितात. परतीच्या नळीवर चुकून बंद होईल अशी तोटी ठेवू नये. सांध्यास गुंडाळलेल्या फितीचे तुकडे आत जाऊन चाक अडवितात. त्यापेक्षा इंधनास टिकणारा द्रव लेप बरा. मापकाची तार बिनतारी यंत्राच्या व अल्टरनेटरच्या तारांपासून दूर न्यावी. शेवटी एअर काढून इंजिन चालवावे व प्रत्येक सांध्याखाली कोरा कागद धरून गळती पाहावी.

यानंतरही यंत्राच्या आकड्यावर विश्वास टाकण्याची घाई करू नये. टाकी एका खुणेपर्यंत भरावी, काही फेऱ्या कराव्यात, आणि नौका तशाच समतोल स्थितीत असताना पुन्हा त्याच खुणेपर्यंत भरावी. मापकाने ४६ लिटर दाखविले आणि भरण्यास ५० लागले, तर ५० भागिले ४६, म्हणजे १.०८७ हा गुणक यंत्रास द्यावा. असे तीन-चार वेळा करावे. एका भरण्याचा पुरावा पुरेसा नसतो.

इतक्या कष्टाने मिळालेला आकडा कशासाठी? ताशी लिटर एवढेच पाहून तांडेलाचा निर्णय होत नाही. त्यास दर समुद्री मैलास किती हे हवे. समजा, नौका ताशी ८ समुद्री मैलांनी २० लिटर व ७ मैलांनी १३.५ लिटर जाळते. चाळीस मैलांच्या वाटेस पहिल्या गतीने ५ तास व १०० लिटर लागतील. दुसरीने सुमारे ५ तास ४३ मिनिटे व ७७ लिटर. पाऊण तासाच्या धीराने २३ लिटर वाचतात. शेवटच्या मैलाची किंमत एवढी असते, आणि ती ज्यास कळते तो टाकीत परतीपुरते इंधन आहे की नाही हेही वेळेवर ओळखतो.

भाषाभ्यासकाने या विषयात पडण्याचे कारण एवढेच की, येथे चुकीचा शब्द पैसा बुडवितो आणि भर समुद्रात संकटही आणू शकतो. म्हणून मराठी सूचनापत्रकात ‘प्रवाहमापक’ ही संज्ञा यंत्रासाठी ठेवावी, परंतु नळ्यांस ‘जाणारी’ व ‘परतणारी’ अशी स्पष्ट नावे द्यावीत आणि ‘खप’ हा शब्द वजाबाकीनंतरच्या आकड्यासाठीच राखावा. चारीचे पाणी व ओढ्याचे पाणी आपला शेतकरी एका नावाने ओळखत नाही. डिझेलचा हिशेबही त्याच काटेकोरपणाने व्हावा.